पंगतीतला वाढपी आणि इंटरनेटचा रस्ता: लोड शेअरिंग आणि लोड बॅलन्सिंगची गोष्ट

आजचा भाग अशा दोन शब्दांवर आहे, जे नेटवर्कवाले स्वतःच सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. लोड शेअरिंग आणि लोड बॅलन्सिंग. इंटरव्ह्यूला हा प्रश्न ठरलेला असतो, उत्तरही दोन ओळींचं असतं, आणि पाठ करून लोक पुढे जातात. पण या दोन शब्दांच्या मधल्या फटीत इंटरनेटची वीसेक वर्षांची डोकेदुखी दडलेली आहे. एका वायफायवर बसून मित्राचा व्हिडिओ चालतो आणि तुमचा गोल गोल फिरत राहतो, त्याचाही एक धागा तिथे जातो.

आधी फरक समजून घेऊ. लग्नाची पंगत बसलीये. वाढपी पुऱ्यांची परात घेऊन एका टोकाने निघतो. प्रत्येक पानात दोन पुऱ्या, पानाकडे न बघता, पुढे. हे झालं शेअरिंग. काम सगळ्यांत वाटलं गेलं, नियम ठरलेला, कुणाच्या पानात आधीच सहा पुऱ्या पडल्यात का याची चौकशी नाही. दुसरा वाढपी पान बघतो. ज्याचं रिकामं, त्याला वाढतो. ज्याच्या पानात ढीग आहे, त्याला सोडून पुढे जातो. हे बॅलन्सिंग. म्हणजे परिस्थिती मोजायची, आणि मोजलेल्या आकड्यावरून पुढचं काम कुठे टाकायचं ते ठरवायचं.

ऐकताना दुसरा वाढपी शहाणा वाटतो ना? गंमत अशी की इंटरनेटच्या रस्त्यांवर दुसऱ्या वाढप्याला आधी कामावर ठेवलं होतं, आणि शेवटी काढून टाकावं लागलं. का, ते आज बघू.

थोडं मागे, टेलिफोनपाशी जाऊ. स्वयंचलित एक्स्चेंजचं पेटंट १८९१ साली अमेरिकेतल्या ॲल्मन स्ट्रॉजरला मिळालं. हा गृहस्थ धंद्याने अंत्यविधीची व्यवस्था करणारा, इंजिनिअर वगैरे नव्हे. त्याच्या नावाची एक्स्चेंजेस पुढे जगभर पसरली, आपल्याकडेही अनेक दशकं चालली. त्यांत एक पद्धत आली, हंटिंग. दोन एक्स्चेंजमध्ये दहा तारा आहेत. कॉल आला की यंत्र पहिल्या तारेपासून चाचपायला सुरुवात करतं. पहिली बिझी? दुसरी. दुसरीही बिझी? तिसरी. मोकळी सापडली की कॉल तिच्यावर. जुन्या कंपन्यांच्या लेटरहेडवर ‘हंटिंग लाइन्स’ असं छापलेलं असायचं, ते हेच.

आता इथे बघा काय होतं. पहिली तार सतत राबते, दहावी जवळजवळ झोपलेली असते. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९१७ साली याचं सूत्र मांडलं. त्यात आकडे घालून बघितलं, तर दहा तारांवर शंभरातला एखादाच कॉल परत जावा एवढी वर्दळ असताना, पहिली तार ८२ टक्के वेळ व्यस्त असते आणि दहावी जेमतेम ६ टक्के. समतोल म्हणाल तर शून्य. पण ग्राहकाचं काय बिघडलं? काहीच नाही. त्याला कुठली तार मिळाली याच्याशी देणंघेणं नाही, मिळाली एवढं पुरे.

त्याच सूत्राचा आणखी एक हिशेब मला फार आवडतो. दहा-दहा तारांचे दोन वेगळे गट ठेवले, तर दोघांत मिळून साधारण ८.९ एर्लांग वर्दळ पेलते. एर्लांग हे त्या वर्दळीचं माप, त्याच्याच नावाचं. त्याच वीस तारा एका गटात सामायिक केल्या, तर १२ एर्लांग. तारा तेवढ्याच आणि नकार मिळण्याचं प्रमाणही तेवढंच, तरी काम तिसऱ्या हिश्श्याने वाढलं. शेअरिंगची ताकद इथे आहे. एकीकडे माणूस खोळंबलाय आणि दुसरीकडे तार रिकामी, हे होऊ द्यायचं नाही. सगळ्या तारा सारख्या झिजतात की नाही, हा वेगळा प्रश्न.

आता १९६९. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर आर्पानेट सुरू झालं, इंटरनेटचं आजोळच म्हणा. प्रत्येक ठिकाणी फ्रिजएवढा एक कॉम्प्युटर, त्याचं नाव इंप. तो बनवला बोल्ट बेरानेक अँड न्यूमन या कंपनीने, सगळे बीबीएन म्हणतात. इंप एकमेकांना जोडणाऱ्या तारा सेकंदाला ५० किलोबिटच्या. आज तुमच्या फोनमधला एक साधा फोटो त्या तारेवरून पाठवायला काही मिनिटं लागली असती.

आर्पानेट घडवणाऱ्यांनी ठरवलं की नेटवर्क स्वतः रस्ता शोधेल, आणि गर्दी बघून शोधेल. प्रत्येक इंप आपल्या प्रत्येक तारेसमोर किती पॅकेट रांगेत उभी आहेत ते मोजायचा आणि ते आकडे सेकंदाला एकाहून जास्त वेळा शेजाऱ्यांना सांगायचा. शेजारी त्यांच्या शेजाऱ्यांना. रांग लांब म्हणजे रस्ता वाईट, आखूड म्हणजे चांगला. शुद्ध बॅलन्सिंग, पान बघून वाढणं.

पण त्या क्षणाची रांग म्हणजे एक फोटो. फोटो काढताना चार पॅकेट होती, बातमी दोन शेजाऱ्यांपलीकडे पोहोचेपर्यंत एकही नव्हतं. तरी सगळे त्या चारच्या आकड्यावर रस्ते बदलत बसायचे. त्यात चुकीच्या बातम्या फिरून परत यायच्या आणि पॅकेट गोल गोल फिरायची.

१९७९ मध्ये बीबीएनच्या लोकांनी हे मुळापासून बदललं. जॉन मॅकक्विलन, आयरा रिशर आणि एरिक रोझेन यांचा त्यावरचा पेपर १९८० चा आहे. आता क्षणाची रांग मोजायची नाही, पॅकेटला प्रत्यक्ष किती उशीर झाला ते मोजायचं, आणि दहा सेकंदांची सरासरी काढायची. प्रत्येक इंपकडे पूर्ण नेटवर्कचा नकाशा, आणि त्यावर डाइक्स्ट्रा पद्धतीने सर्वात कमी उशिराचा रस्ता काढायचा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात जी डाइक्स्ट्रा रट्टा मारून पास होता, तीच ही.

गर्दी कमी असेपर्यंत हे छान चाललं. गर्दी वाढली आणि गडबड सुरू झाली.

नेटवर्कचे दोन भाग आहेत समजा, आणि त्यांना जोडणाऱ्या दोनच तारा, एक वरची, एक खालची. सध्या सगळे वरून जातायत. दहा सेकंदांनी मोजमाप आलं: वर भयंकर उशीर, खाली मोकळं. ही बातमी सगळ्या इंपना जवळपास एकदम मिळते, सगळ्यांकडे नकाशा सारखा, गणित सारखं. म्हणजे निर्णयही सारखा. सगळेच्या सगळे खालच्या तारेवर. पुढची दहा सेकंदं खालची तार तुंबते, वरची रिकामी. पुन्हा बातमी, पुन्हा सगळे वर. तारा दोन असून कुठल्याही क्षणी वापरात एकच. आणि जेव्हा दोन्हींची खरी गरज आहे, नेमकं तेव्हाच हे घडतं.

मुंबई-पुणे हा प्रवास केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. एक्स्प्रेसवेला घाटात गाड्या अडकल्या की हजार मोबाईल एकाच मिनिटाला आपापल्या मालकाला सांगतात, जुन्या हायवेने चला. अर्ध्या तासात जुना हायवे तुंबतो. प्रत्येक सल्ला स्वतंत्रपणे बरोबर असतो, अडचण सगळ्यांनी तो एकदम ऐकण्यात असते.

पंगतीत सांगायचं तर, पाच वाढपी स्वयंपाकघराच्या दारातून एकदम डोकावले. पाचांनाही तेच एक रिकामं पान दिसलं. पाचही तिकडे धावले. त्या बिचाऱ्याच्या पानात दहा पुऱ्या, आणि शेजारचा हात वर करून बसलेला.

आर्पानेटमध्ये याला आणखी एक फोडणी होती. तारा आता एकसारख्या नव्हत्या. काही ५६ किलोबिटच्या, काही ९.६ च्या, काही सॅटेलाइटच्या. गर्दीतली ९.६ ची तार ही मोकळ्या ५६ च्या तारेपेक्षा १२७ पट महाग दिसू शकायची. १२७ पट म्हणजे काय? म्हणजे ती एक तार टाळायला पॅकेट अख्ख्या देशाला वळसा घालायला तयार. आणि वळसा घालताना वाटेतल्या दहा चांगल्या तारांवर उगाच भार टाकणार.

यावर उतारा निघाला १९८७ मध्ये, तोही बीबीएनमध्येच. अतुल खन्ना आणि जॉन झिंकी यांनी तो १९८९ च्या पेपरमध्ये मांडला. मला या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो तो त्यांनी हेतू बदलला, हा. आधीचा हेतू होता, प्रत्येकाला सर्वोत्तम रस्ता द्या. नवा हेतू असा की बहुतेकांना बरा रस्ता मिळावा, आणि तुंबलेल्या तारेवरून थोडेच लोक हलावेत. त्यासाठी त्यांनी मोजमापाला मुद्दाम बोथट केलं. कितीही गर्दी झाली तरी तारेचा भाव रिकाम्या तारेच्या साधारण तिपटीपेक्षा वर जायचा नाही. आणि एका फेरीत भाव किती बदलेल यालाही लगाम. जुन्या आकड्याशी सरासरी काढायची, म्हणजे एका बातमीने कुणी घाबरून उडी मारायची नाही.

बघा, अठरा वर्षं खपून, त्या काळातल्या सर्वात हुशार लोकांनी काय शोधलं? की नेटवर्कने गर्दीकडे बघावं, पण डोळे अर्धे मिटून.

आणि पुढच्या पिढीने डोळे पूर्णच मिटले. १९८९ मध्ये ओएसपीएफ या रूटिंग पद्धतीचा पहिला मसुदा आला. आजही कंपन्यांच्या, कॉलेजांच्या, इंटरनेट पुरवठादारांच्या आत ती चालते. तिच्यात तारेची किंमत ॲडमिन ठरवून देतो, बहुतेक वेळा तारेच्या वेगावरून, आणि ती तशीच राहते. गर्दी झाली म्हणून बदलत नाही. आर्पानेट १९९० मध्ये बंद झालं, आणि गर्दी मोजून रस्ता बदलण्याची कल्पना रोजच्या रूटिंगमधून त्याच सुमाराला जवळपास निघूनच गेली.

त्याऐवजी आलं शेअरिंग. ओएसपीएफमध्ये सोय आहे: एकाच ठिकाणी जाणारे, एकाच किंमतीचे दोन-चार रस्ते असतील तर सगळे वापरा. याला ईसीएमपी म्हणतात, म्हणजे समान किंमतीचे अनेक रस्ते. वाटायचं कसं? पहिलं पॅकेट इकडे, दुसरं तिकडे, असं आळीपाळीने वाटता येतं, पण त्यात एक लफडं आहे. दोन रस्त्यांचा वेग किंचित जरी वेगळा असला तरी पॅकेट उलटसुलट क्रमाने पोहोचतात. टीसीपी, जे तुमचं डाउनलोड सांभाळतं, त्याला क्रम बिघडला की वाटतं पॅकेट हरवलं. मग ते उगाच पुन्हा पाठवतं आणि वेग कमी करतं.

म्हणून राउटर एक साधी युक्ती करतो. पॅकेटवरच्या पाच गोष्टी घेतो: पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, दोन्हीकडचे पोर्ट नंबर आणि प्रोटोकॉल. त्यांचा हॅश काढतो, म्हणजे त्या पाचांना दळून एक आकडा करतो, आणि त्या आकड्यावरून रस्ता ठरवतो. एका कनेक्शनची सगळी पॅकेट एकाच रस्त्याने, क्रमाने. वेगवेगळी कनेक्शन वेगवेगळ्या रस्त्यांवर. २००० साली निघालेल्या दोन इंटरनेट दस्तऐवजांत, आरएफसी २९९१ आणि २९९२ मध्ये, याचा नीट ऊहापोह आहे.

आता तुमच्या फिरणाऱ्या चक्राकडे येऊ. तुम्ही आणि मित्र एकाच वायफायवर, एकच ॲप. बाहेरच्या जगाला दोघांचा पत्ता बहुधा एकच दिसतो, पण पोर्ट नंबर वेगळे. म्हणून हॅश वेगळा, म्हणून वाटेतल्या एखाद्या राउटरवर रस्ताही वेगळा असू शकतो. त्याचा रस्ता मोकळा, तुमच्यावर कुणाचं तरी प्रचंड बॅकअप चाललेलं. राउटरला ते माहीत नाही, त्याला बघायचंच नाहीये. तुम्ही वैतागून ॲप बंद करून परत उघडता, नवं कनेक्शन, नवा पोर्ट, नवा हॅश, आणि कधीकधी व्हिडिओ चालू होतो. घरातले म्हणतात, बंद करून चालू केलं की होतं. दरवेळी कारण हेच असतं असं नाही, पण कधीकधी त्यामागे चक्क ईसीएमपी असतं.

मग दुसरा वाढपी कुठे गेला? तो रस्ता सोडून सर्व्हरच्या दारात जाऊन उभा राहिला.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्राने मोझेक हा ब्राउझर काढला आणि वेबवर झुंबड उडाली. झुंबड त्यांच्याच वेबसाइटवर. एका मशीनला झेपेना, म्हणून त्यांनी अनेक सारखी मशीन लावली आणि नावावरून पत्ता देणाऱ्या डीएनएसला सांगितलं, विचारणाऱ्याला आळीपाळीने वेगवेगळ्या मशीनचा पत्ता दे. राउंड रॉबिन. १९९५ मध्ये रटगर्स विद्यापीठातून आरएफसी १७९४ आला, त्यात या विषयाची चर्चा आहे. त्याचं नाव ‘लोड बॅलन्सिंगसाठी डीएनएसची मदत’ अशा अर्थाचं. आळीपाळीने पत्ते देणं म्हणजे शेअरिंग, हे आता तुम्हीच सांगाल. शब्दांची सरमिसळ इतकी जुनी आहे.

आणि या वाटण्यात खोट होती. एखाद्या मोठ्या कंपनीच्या डीएनएसने एक पत्ता घेतला की तो लक्षात ठेवायचा, आणि आतले हजारो लोक त्याच एका मशीनवर जाऊन आदळायचे. शिवाय मशीन मेलं तरी डीएनएस त्याचा पत्ता देतच राहायचा. पानावर माणूसच नाही, तरी वाढप्या वाढतोय.

म्हणून नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात सर्व्हरच्या पुढ्यात एक वेगळा डबा बसायला लागला. सिस्कोचा लोकल डिरेक्टर, एफ-फाइव्ह कंपनीचा बिग-आयपी. हा डबा प्रत्येक सर्व्हर जिवंत आहे का विचारतो, कुणाकडे किती कनेक्शन आहेत ते मोजतो, आणि नवीन माणसाला सर्वात मोकळ्या सर्व्हरकडे पाठवतो. इथे पान बघून वाढणं जमतं, कारण बघणारा आणि वाढणारा एकच आहे, आणि सर्व्हर हाताच्या अंतरावर. बातमी शिळी व्हायला वेळच मिळत नाही.

तरी जुनं भूत अधूनमधून येतंच. नवा सर्व्हर लावला की त्याच्याकडे शून्य कनेक्शन, म्हणून सगळी गर्दी त्याच्याच अंगावर, आणि तो उठायच्या आधी झोपतो. त्याहून वाईट म्हणजे बिघडलेला सर्व्हर. तो प्रत्येकाला झटकन ‘एरर’ देऊन मोकळा होतो, त्यामुळे कायम रिकामा दिसतो. डबा म्हणतो, वा, किती चपळ, अजून पाठवा. हा माणूस पुऱ्या खात नाहीये, पानाखाली सरकवतोय, पण वाढप्याला पान रिकामंच दिसतं.

यातून बाहेर पडायची वाट गणिताने दाखवली, आणि ती अर्धी आंधळीच आहे. १९८६ मध्ये ईगर, लाझोव्स्का आणि झाहोर्जन यांनी एक पेपर लिहिला. त्यांचा प्रश्न असा: माझ्याकडे काम साचलंय, कुणाकडे पाठवू? काहींची रांग मोजून त्यांतल्या सर्वात मोकळ्याकडे पाठवणं आणि एक-दोघांना सहज विचारून, ‘फार गर्दी नाही ना? मग घे’ म्हणणं, यांत फरक किती पडतो? उत्तर निघालं, फारच थोडा. या पेपरच्या नावात त्यांनी शब्द वापरला होता लोड शेअरिंग, आणि विचारपूर्वक.

नव्वदच्या दशकात आझार, ब्रोडर, कार्लिन आणि उपफाल यांनी, आणि मग मायकेल मिट्झेनमाखरने हे पक्क्या गणितात बसवलं. डोळे मिटून एक सर्व्हर निवडण्यापेक्षा डोळे मिटून दोन निवडा आणि त्यातला मोकळा घ्या. तेवढ्याने सर्वात लांब रांग प्रचंड आखूड होते. दोनाऐवजी तीन-चार निवडले तर फायदा वाढतो, पण चिमूटभर. मिट्झेनमाखरने पुढे हेही दाखवलं की माहिती शिळी असेल तर ‘सर्वात मोकळा शोधा’ ही पद्धत कळप तयार करते आणि ‘कुठलेही दोन बघा’ तिच्यापेक्षा सरस ठरते. आर्पानेटवाल्यांनी जे भोगलं, त्याचं कारण हेच. २०१८ मध्ये एनजिनएक्स या लोकप्रिय सर्व्हर सॉफ्टवेअरमध्येही ही दोनांतून निवडायची सोय आली.

शेवटचा थांबा गूगलचा. मॅग्लेव्ह नावाची त्यांची यंत्रणा २००८ पासून चालू आहे, पेपर २०१६ चा. तुमची विनंती त्यांच्या दारात येते, राउटर ईसीएमपीने, म्हणजे न बघता, ती अनेक मॅग्लेव्ह मशीनपैकी एकाकडे ढकलतो. ते मशीन सर्व्हर जिवंत आहे एवढं तपासतं आणि पुन्हा हॅश काढून, मुख्यतः न बघताच, सर्व्हर ठरवतं. पेपरच्या शीर्षकात मात्र शब्द आहे लोड बॅलन्सर.

रस्त्यावर गर्दी बघून वाटणं पुन्हा आणायचे प्रयत्न चालू आहेत, पण एका छपराखाली. सिस्कोने २०१४ मध्ये कोंगा नावाची पद्धत मांडली, डेटा सेंटरच्या आतल्या तारांसाठी. तिथे एका टोकाची खबर दुसऱ्या टोकाला सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या हिशेबात पोहोचते. १९७९ च्या इंपला त्यासाठी दहा सेकंदं थांबावं लागायचं.

पुढच्या भागात ते हॅशचं प्रकरण जरा उघडून बघू: एक सर्व्हर बंद पडला तर सगळ्यांचे पत्ते का बदलत नाहीत. तोवर घरी राउटर बंद-चालू करताना कुणी हसलं तर त्यांना हा भाग पाठवा. भेटू.